कमरेखाली ढग

कालीपुचुंग गावात बॅनर लागून त्यांच्यावरचं दव वाळलंही नव्हतं, तोवर लोकांनी पाक सारवेदींना स्वर्गात पोचवून टाकलं होतं.

पालुपीला ही खबर दिली बु कार्तीने. स्कूटरच्या दोन्ही बाजूंना भाजीच्या पिशव्या लटकवून ती रोज सकाळी दारोदार फिरायची आणि भाजीबरोबर बातम्याही पुरवायची. साध्यासुध्या बातमीला ती इंजिन चालूच ठेवत असे. आज तिने इंजिन बंद केलं, रुमालाची गाठ सारखी केली आणि चेहरा पाडून विचारलं, "म्बाक पालुपी, दफन कधी?"

पालुपी अंगणात दात घासत होती. "कुणाचं?"

"तुझ्या वडिलांचं गं बाई! पुलावर लावलेत ना. मी तर दोन मिनिटं थांबून दुवा मागून आले. किती भला माणूस, काही बोलला नाही, चालला नाही..."

"काहीतरीच काय बोलता सकाळी सकाळी! बापाक आत्ता माझ्यादेखत भात खाऊन बागेत गेलेत."

"गेलेत ना बागेत? मग त्यांना ढगात कशाला बसवलंस?" असं म्हणून बु कार्ती इतकी हसली, की पिशवीतल्या शेंगा रस्त्यावर सांडल्या.

पालुपीचा ब्रश तोंडातच राहिला. तिने चूळही धड भरली नाही. दाराशी उभी असलेली मोटरसायकल काढली आणि घरच्या कपड्यांवरच सुटली पुलाकडे. वाटेत तिला सगळं आठवत गेलं.

बॅनर सुरेख आला होता, हेच तर दुखणं. मागे मेरापीचा ज्वालामुखी, निळं आभाळ, खाली हिरवंगार भाताचं शेत. मध्ये तिचे वडील, तपकिरी बाटिकचा सदरा, ओठांत हसू, डोक्यामागे सकाळचा उजेड. वरून खाली यावं तसा सदरा हळूहळू विरळ होत जात होता. तिसऱ्या बटणापाशी तो फिका, पोटापाशी त्याच्यातून भाताच्या लोंब्या दिसायला लागलेल्या, आणि कमरेशी तर नुसता पांढरा ढग. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : रविवारी मक्यावर खिळा टोचा. लुराहच्या, म्हणजे गावप्रमुखाच्या निवडणुकीत सारवेदींचं चिन्ह मका होतं आणि मतपत्रिकेवर खिळ्यानेच भोक पाडायचं असतं, पण या चित्राखाली ते वाचताना पालुपीच्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात दोन पोरं गाडीवरून आली. मागच्याने हेल्मेट काढलं, मयतासाठी प्रार्थना म्हणताना धरतात तसे दोन्ही तळवे वर धरले आणि ओरडला, "अल्-फातिहा!" मग तिला बघून दोघांनी गाडी अशी पिटाळली की बस्स.

हसायला काय जातं लोकांचं. पण चूक त्यांची नव्हती, हे पालुपीला ठाऊक होतं. ही सवय गावाला तिनेच लावली होती.

या गावात निम्म्या घरांत कुणीतरी लॅपटॉपसमोर बसलेलं असतं. कुणी पानांच्या वेलबुट्ट्या काढतं, कुणी कंदील, कुणी परदेशातल्या बेकरीसाठी पावाचं बोधचिन्ह. पालुपीचा हात माणसांच्या चेहऱ्यावर बसलेला. फोटो समोर ठेवून ती रेघांनी आणि रंगांच्या तुकड्यांनी माणूस उभा करायची, कितीही मोठा केला तरी न फाटणारा. आई गेली तेव्हा हजाराव्या दिवसाच्या प्रार्थनेला वाटायची कुराणातल्या यासीनची पुस्तिका तिनेच केली. आईचा एकच हसरा फोटो होता आणि त्यात तिच्या कमरेवर धुण्याची टोपली. पहिल्या पानावर धुणं कसं दाखवायचं? म्हणून पालुपीने पदर खालच्या बाजूला पारदर्शक करत नेला आणि ढगात सोडून दिला. लोकांनी पुस्तिका हातात घेतली आणि बायका रडायलाच लागल्या. तेव्हापासून ज्याच्या घरी माणूस जाई तो येऊन सांगे, "तुझ्या आईसारखं कर." आता गावातल्या प्रत्येक कपाटात पालुपीचा ढग आहे. कुणी दवंडी पिटली नाही, पण शेंबडं पोरही जाणतं : लग्नपत्रिकेवरचे नवरा-नवरी बुटांपर्यंत ठसठशीत रेघेत असतात, ढगात विरतो तो गेलेला.

आणि हे तिला, तिलाच, कळलं नाही! आठवडाभर ती बापाकच्या चेहऱ्यात नाक खुपसून बसली होती. कपाळावरची एकेक आठी, मिशीतला एकेक केस. फोटो पोटापाशीच संपत होता. मग सवयीने बोटांनी आपलं काम केलं. सदऱ्याच्या आकारावर रंगछटा ओढली, दोन्ही टोकांना तोच तपकिरी ठेवला आणि खालच्या टोकाचा दाटपणा शून्यावर नेला. नवशिके तिथे पांढरा रंग देतात. पांढऱ्या कागदावर ते खपून जातं, पण खाली हिरवं आलं की पावडर सांडल्यासारखं दिसतं. पालुपीचं तसं नव्हतं. तिच्या छटेत रंग कुठेही मळला नव्हता. माणसाच्या पोटातून भात दिसतोय आणि बाईसाहेबांना त्याचाच अभिमान! फाइल पाठवताना तिने स्वतःच्या पाठीवर थाप मारायची तेवढी बाकी ठेवली होती.

घरी आली तर दार्सो ओट्यावर येरझाऱ्या घालत होता. तिचा धाकटा भाऊ, सलाकची फळं बाजारात नेणारा पिकअपवाला आणि सध्या हार्तोयोविरुद्ध बापाकचा प्रचारप्रमुख.

"म्बाक, तू हार्तोयोच्या गटात कधी गेलीस ते तरी सांग. मिठाई वाटतो."

"गप्प बस."

"मी गप्प बसेन गं, गाव बसेल का? चहाच्या टपरीवर हार्तोयोची माणसं काय म्हणतायत माहितेय? म्हणतायत, मुलीला आतली गोष्ट ठाऊक असणार. म्हातारा आजारी आहे, आज आहे उद्या नाही, त्याला कशाला लुराह करता? आणि लोक माना डोलावतायत!"

"आजारी? बापाक? त्यांना साधी सर्दी होत नाही."

"ते तू मला नको सांगू. तू ढगाला सांग." दार्सोने डोक्याला हात लावला. "मागच्या वेळी किती थोडक्यात गेलं. या खेपेला सगळं जुळून आलं होतं. आणि पुऱ्या गावात लावलेत बॅनर, मशिदीच्या कोपऱ्यापासून दूध डेअरीपर्यंत. मीच लावलेत, शिडी धरून, मूर्खासारखा. अंधारात मला नुसतं तोंड दिसलं."

हे मात्र पालुपीला झोंबलं. बापाकना लुराह व्हायचंय हे काही आजचं नव्हतं. मागच्या निवडणुकीत हरले तेव्हा ते महिनाभर मशिदीत मागच्या रांगेत उभे राहात होते. रविवारी मतदान चालू असताना उमेदवार म्हणून त्यांना गावासमोर मंडपात खुर्चीवर दिवसभर बसायचं होतं, आणि त्यांच्या समोरून हसत हसत लोक खिळा टोचायला जाणार. आपल्याच पोरीने हसं केलं म्हणून. तिला हा विचारच सहन होईना.

तिने मुंतिलानच्या छापखान्यात फोन केला. तिथले पाक गुनार्तो म्हणाले, संध्याकाळच्या अजानच्या आत फाइल आली तर रात्रीत छापून ठेवतो, नंतर आली तर मशीन दुसऱ्याचं. शिवाय म्हणाले, "मला वाटलंच होतं विचारावं. म्हटलं, असतील गेले, उगाच दुःखावर डागण्या कशाला." पालुपीने फोन ठेवला आणि लॅपटॉप उघडला.

सदऱ्याची पारदर्शकता तिने काढून टाकली. बापाक परत दाट झाले, पण पोटापाशी सुरीने कापल्यासारखे संपले. कपाटावर ठेवलेला पुतळा जणू. त्यांच्यापुढे तिने टेबल काढलं, तर ते पोलिसांसमोर जबानी द्यायला बसल्यासारखे दिसू लागले. टेबल पुसून कुंपण घातलं, तर शेजारच्या घरात डोकावणारा म्हातारा झाला. ती उठली, पाणी प्यायली, बसली, पुन्हा उठली. दार्सो खांद्यावरून बघत होता. "माझं शरीर लाव ना खाली," तो म्हणाला. तिने त्याचा फोटो काढून तेही करून पाहिलं. वर बापाकची मिशी आणि खाली दार्सोची घट्ट जीन्स आणि छप्पन खिसे. एरवी ती लोळून हसली असती. आज तिने माउस आपटला.

"उभा फोटो पाहिजे," ती म्हणाली. "डोक्यापासून पायापर्यंत. जमिनीवर उभे. त्याशिवाय होणार नाही."

"मग काढ की. मी तोवर हे सगळे बॅनर उतरवतो." दार्सो शिडी उचलून गेला.

पालुपी बागेत गेली. सलाकची बाग म्हणजे नुसते काटे; बुटांशिवाय आत पाऊल टाकायची सोय नाही. बापाक दोन ओळींच्या मध्ये एका उलट्या खोक्यावर बसले होते. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हातात नरफुलांचा झुबका. तो झुबका ते मादीफुलावर हलकेच झटकत होते, परागाची पूड पडेल असे. तिला बघून त्यांनी हात थांबवला नाही.

वाटेत तिने बोलणी खाण्याची पुरी तयारी केली होती. एक कोंबडी बागेत शिरली तर घर डोक्यावर घेणारा हा माणूस. पहिल्यांदा त्यांना ओरडू द्यायचं, मग माफी, मग फोटो, असं तिने ठरवून ठेवलं होतं.

"बापाक, बॅनर पाहिलात?"

"पहाटेच. येताना."

"मग?"

"आभाळ छान उतरलंय."

ती वाट बघत राहिली.  एक फूल झालं तसं त्यांनी पान मोडून त्याच्यावर टोपी घातली, आणि खोका सरकवून दुसऱ्या फुलापाशी बसले.

"लोक हसतायत, बापाक. तुम्ही गेलात म्हणतायत."

"हसू दे. हसणारा माणूस मत देतो."

"तसं नाही देत. आजारी समजतायत तुम्हाला. मी आज नवीन करते, संध्याकाळपर्यंत देते छापायला. फक्त तुमचा एक उभा फोटो पाहिजे. पायापर्यंत."

"पायापर्यंत कशाला? मतं काय पायांना देतात?"

"बापाक, चेष्टा नका करू. माझी चूक झालीय."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. मऊ नजरेने, आणि तेच तिला खटकलं. "चूक नाही झाली, न्दुक, पोरी. आहे ते बरोबर आहे. असू दे."

आता याला काय म्हणायचं? आहे ते बरोबर आहे! पालुपी बागेतून परत निघाली ती काट्यांनी सदरा फाडून घेऊनच. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. हे समजूतदार बोलणं तिला मुळीच पचत नव्हतं. घरी येऊन तिने भात वाढून घेतला आणि तसाच झाकून ठेवला. बाटिकचा सदरा काढून इस्त्री केली. आधीच इस्त्री केलेली पँट पुन्हा इस्त्री केली. बापाकचे मशिदीला जाताना घालायचे काळे बूट पुसून ओट्यावर ठेवले. मग दर थोड्या वेळाने जाऊन रस्त्याकडे बघत राहिली.

ते दुपारच्या नमाजानंतर आले. तिने त्यांना बसूही दिलं नाही. हातात सदरा दिला, पँट दिली, अंगणात भिंतीशी पांढरी चादर टांगली आणि मोबाइल घेऊन तयार झाली. बापाक बाहेर आले. वर तपकिरी बाटिक, केस विंचरलेले, झकास. खाली पँट रबरी बुटांत खोचलेली.

"बूट!" पालुपी म्हणाली.

"राहू दे ना. चित्रात बदल तू."

"सावली कुठून आणू? पाऊल जमिनीवर कसं पडतं ते दिसायला नको? लोक म्हणतील, कालपर्यंत ढगात होता, आज पूर आला. काढा बघू."

"न्दुक, नको म्हणतो ना."

"लहान मुलासारखं काय करताय!" आता तिचा आवाज चढला. दिवसभराचं सगळं त्या आवाजात आलं. "अजान व्हायला आलीय, पाक गुनार्तो थांबणार नाहीत, सगळं गाव दात काढतंय आणि तुम्हाला बुटांचं पडलंय? बसा. मी काढते."

ते ओट्याच्या पायरीवर बसले. आता बसणं भागच होतं, असे. ती खाली उकिडवी बसली, बूट दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. बूट हलेना. तिने पुन्हा ओढला. बापाकनी ओठ चावला. तिसऱ्यांदा तो सुटला आणि ती जवळजवळ मागे पडली.

बुटातून निघालं ते तिच्या वडिलांचं पाऊल नव्हतं. बापाकची पावलं काटकुळी, नसा उठलेली, घोटा टोकदार. हे पाऊल सुजून ताणलेलं होतं, कातडी चकचकीत, घोटा कुठे गेला होता कुणास ठाऊक. पोटरीवर बुटाच्या कडेची खोल खूण उमटली होती. पालुपीने नकळत अंगठा टेकवला आणि दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला.

पालुपीने मान वर केली.

"कधीपासून?"

"लेबरानच्या ईदआधीपासून."

"आणि हे तुम्ही बुटात घालून फिरताय?"

"चपलेत मावत नाही. बुटात कुणाला दिसत नाही."

"दाखवलंत कुणाला?"

"मुंतिलानला डॉक्टरांना. फळं घालायला गेलो होतो तेव्हा." ते सदऱ्याचं बटण फिरवत होते. "म्हणाले, हृदय थकलंय. जोग्जा शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जा, उशीर करू नका."

"मग?"

"मग उमेदवारीचा अर्ज भरला."

पालुपी बूट हातात धरून बसली. त्यांनीच तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुला त्यांनीच सांगितलं ना? डॉक्टरांनी? मी त्यांना बजावलं होतं घरी कळवू नका म्हणून. पण आज पहाटे पुलावर बघितलं आणि म्हटलं, पोरीला कळलंय. तोंडाने बोलवेना म्हणून तिने तसं काढलं. खरं सांगू? बरं वाटलं मला. इतके दिवस एकट्याने वागवत होतो. म्हटलं, चला, आता दोघं झालो."

तिला वाटलं, हो म्हणावं. म्हणून टाकावं, हो बापाक, मला माहीत होतं. पण ते तिच्याने झालं नाही.

"मला काहीच माहीत नव्हतं," ती म्हणाली. "ते चुकून झालं. हाताला सवय आहे म्हणून झालं."

"चुकून?"

"चुकून."

बापाकनी तोंड उघडलं, मिटलं, आणि मग ते लाजले. साठी उलटलेला माणूस चोरी पकडलेल्या पोरासारखा लाजला. "म्हणजे मीच सांगून बसलो की," ते म्हणाले आणि हसायचा प्रयत्न केला.

पालुपी मात्र रडली. आठवडाभर तिने हा चेहरा इतका मोठा करून बघितला होता, की स्क्रीनवर एक डोळा ताटाएवढा दिसत होता. त्या डोळ्याखाली फुगवटा होता. तिने तो बघितला होता, त्यावर उजेडाची छटा दिली होती, ती नीट विरघळतेय ना एवढंच तपासलं होतं. बाप आजारी आहे हे तिला दिसलं नव्हतं. स्वतःची इतकी चीड तिला कधीच आली नव्हती.

"उठा," ती डोळे पुसत म्हणाली. "दार्सोला बोलावते. आत्ता जायचं जोग्जाला."

"सोमवारी."

"आत्ता."

"न्दुक, ऐक. रविवार होऊ दे. एवढा एक रविवार. दवाखान्यात गेलो की ते मला निजवणार आणि मंडपात माझी खुर्ची रिकामी राहणार. मग कोण मत देतंय? सोमवारी तू म्हणशील तिथे येतो. जिंकलो तरी येतो."

"असं अंगावर काढून लुराह कशाला व्हायचंय तुम्हाला?"

"मग काय करू? घरात बसून वाट बघू?" ते म्हणाले. इथेच ती फसली. तिने मान हलवली. सोमवारी.

फोटो तिने बापाकना अनवाणीच उभं करून काढला. लॅपटॉपसमोर बसली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. पँट, पँटची घडी, खाली काळे बूट. बुटांत मावतील अशी सडपातळ पावलं तिने आठवणीतून काढली. सदऱ्यावरची पारदर्शक छटा कायमची पुसली. डोळ्यांखालचा फुगवटाही काढून टाकला; दोन तुकडे निवडून एक कळ दाबली की काम झालं. सगळ्या आकृतीला ठसठशीत रेघ दिली, टाचांखाली सावली टेकवली. ढग उडवला. मधूनच रेघ वाकडी जात होती, पण लॅपटॉपवरची रेघ नंतर सरळ करून घेता येते. अजान सुरू झाली तेव्हा फाइल गेलेली होती.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी दार्सोने उजेडात, नीट बघून बॅनर लावले. त्याला तिने काही सांगितलं नव्हतं. बापाकनी शपथ घातली होती. पालुपी पुलावर गेली, कारण घरात तिला थांबवेना. रात्री बापाक अंथरुणावर आडवे झाले नव्हते. खुर्चीत बसून झोपले होते, आणि भिंतीपलीकडून त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता.

पुलावर बरीच मंडळी जमली होती. बु कार्तीने स्कूटर लावली आणि कमरेवर हात ठेवून बॅनर न्याहाळला.

"आता कसं! ठणठणीत! पायाखाली जमीन आली बघ. काल मी हार्तोयोकडे वळले होते, खोटं कशाला बोलू. पण हा माणूस अजून वीस वर्षं गाव चालवेल."

"चेहरापण तरणा झालाय," टपरीवाला म्हणाला. "बघा डोळ्यांखाली. कुठे आजारी? उगाच उठवतात लोक."

कालची ती दोन पोरंही होती. त्यातल्या एकाने तिला अंगठा दाखवला.

पालुपी एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. कुणीतरी म्हणावं, हे खोटं वाटतंय. कुणीतरी विचारावं, पाक सारवेदी हल्ली रबरी बुटांतच का फिरतात. कुणी विचारेना. सगळे खूश होते. तिने काढलेलं सगळ्यांना पटलं होतं, आणि सोमवारपर्यंत पटत राहणार होतं.  अजून आजचा दिवस, रात्र, उद्याचा दिवस मंडपात उन्हात, आणि परत रात्र. हे आपण कबूल केलं? कुणाला विचारून केलं?

तिने दार्सोला बाजूला ओढलं. "पिकअप काढ."

"कशाला? दुपारी मिरवणूक आहे."

"बापाकना जोग्जाला न्यायचंय. हृदय आहे. पाय सुजलेत, रात्रभर बसून काढली त्यांनी. मला कालपासून माहीत आहे आणि मी गाढवासारखी गप्प बसले. काढ गाडी."

दार्सोच्या तोंडावरचा सगळा रंग गेला. त्याने शिडी तिथेच टाकली.

बापाक ओट्यावर तयार होऊन बसले होते, बाटिक घालून. पिकअप दारात आली, दोघं उतरली, आणि दार्सोचा चेहरा बघताच त्यांना कळलं. मग मात्र ते ओरडले. केवढ्याने ओरडले! "शपथ घातली होती ना? मी उमेदवार आहे! आज प्रचाराचा शेवटचा दिवस आहे! बापाच्या तोंडाला काळं फासता? दोन दिवस धीर धरवत नाही तुम्हाला? कार्टी कुठली!" बोलता बोलता त्यांना दम लागला, खांबाला धरून त्यांनी श्वास घेतला, आणि पुन्हा सुरुवात केली. शेजारपाजारचे दाराबाहेर आले.

"गाडीत बसून ओरडा," पालुपी म्हणाली. तिने त्यांच्या काखेत हात घातला.

"मी येणार नाही."

"मग मी पुलावर जाऊन सगळ्यांना सांगते."

त्यांनी तिच्याकडे असं बघितलं, की एरवी ती चार पावलं मागे सरली असती. ती सरली नाही. दार्सोने दुसऱ्या बाजूने धरलं. बापाक दोघांच्या आधाराने गाडीत चढले आणि धाडकन दार ओढून घेऊ लागले, पण दार ओढायलाही त्यांना दोनदा जोर लावावा लागला.

गाडी गावातून निघाली. लोकांनी हात केले, त्यांनीही केला. पालुपी त्यांना चिकटून बसली होती आणि त्यांचा प्रत्येक श्वास तिला खांद्याला जाणवत होता. पुलावर गर्दीमुळे दार्सोने वेग कमी केला. लोक बाजूला झाले, कुणीतरी "पाक लुराह!" म्हणून ओरडलं, टाळ्या वाजल्या. बापाकनी खिडकीतून मान वर करून बॅनरकडे बघितलं, त्या काळ्या बुटांकडे बघितलं.

"छान उभा राहिलोय," ते म्हणाले.

पूल मागे पडला. मुंतिलानचा रस्ता लागला तसा त्यांनी चाचपडत पालुपीचा हात धरला, घट्ट.

"दार्सो," ते म्हणाले, "जरा जोरात चालव रे."